ओबीएम जमिनीवर चालू करताना कूलिंगचं पाणी कसं द्यायचं? सोलापूरकडचे नेहमीचे प्रश्न

उजनीच्या बॅकवॉटरला करमाळा-माढा बाजूला मासेमारी करणारे, हिवाळ्यात फ्लेमिंगो दाखवायला माणसं नेणारे, पंढरपुरात चंद्रभागेत मशीनची होडी चालवणारे, आणि तालुक्याच्या ठिकाणी रेस्क्यू बोटी सांभाळणारे, या सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. सप्टेंबर 2025 ला सीना नदीला पूर आला, माढा, करमाळा, मोहोळ भागात बोटी काढायची वेळ आली, त्यानंतर तर लोक आपापली पडून असलेली इंजिनं अंगणात काढून स्टार्ट करून बघायला लागले. ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त पाण्याशिवाय स्टार्ट करू नका, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. खाली ओबीएम म्हणजे बोटीच्या मागं लटकवायचं आउटबोर्ड इंजिन.

जमिनीवर चालवायला पाणी लागतंच का? नुसतं पाच सेकंद चालू करून बघितलं तर काय होतंय?

लागतंच. बाइकचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं, कारला रेडिएटर असतो, ओबीएमला यातलं काहीच नसतं, ज्या पाण्यात बोट उभी आहे तेच पाणी ते खालून ओढतं, इंजिनात फिरवतं आणि बाहेर टाकतं. हे ओढायचं काम करतो एक छोटा पंप, तो खालच्या पायात, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात, गेअरबॉक्सच्या वर बसवलेला असतो आणि त्याच्या आत रबरी इंपेलर, म्हणजे पाकळ्यांचं चाक असतं. आता मुद्दा असा की हा इंपेलर डायरेक्ट ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे इंजिनाची ताकद खाली नेणाऱ्या उभ्या दांड्यावर बसलेला आहे. म्हणजे न्यूट्रल असो नाहीतर गेअर, इंजिन फिरलं की इंपेलर फिरणारच, त्याला बंद करायची सोयच नाही.

आणि त्या रबराचं वंगण म्हणजे पाणीच. कोरडं फिरलं की रबर स्टीलच्या भांड्यावर घासतं, तापतं, कडा झिजतात आणि पाकळ्या तुटतात. याला पंधरा-वीस सेकंद पुरे होतात. "पाच सेकंद" म्हणणारा माणूस स्टार्ट झालं की खूश होऊन एकदा रेस देऊन बघतो, मग दुसऱ्याला हाक मारून दाखवतो, तेवढ्यात पंधरा सेकंद कधीच होऊन गेलेले असतात. शिवाय नुकसान लगेच दिसत नाही. इंजिन बंद केलं, सगळं ठीक वाटलं, आणि मग धरणाच्या मधोमध गेल्यावर पाणी टाकायचं बंद होतं. उजनीत दुपारनंतर वारा सुटला की पाणी कसं उसळतं हे तिथल्या माणसाला सांगायला नको. मे 2024 मधे कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून माणसं गेली. तसल्या वाऱ्यात बंद इंजिन घेऊन अडकायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून एवढं कळकळीनं सांगतोय.

पाणी आत कुठून जातं आणि बाहेर कुठून येतं?

पायाच्या दोन्ही बाजूला, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) थोडं पुढं, बारीक जाळी किंवा चिरा दिसतात, तो इनटेक. तिथून पंप, पंपातून तांब्याची किंवा प्लास्टिकची एक उभी नळी, नळीतून वर इंजिन ब्लॉकमधे, तिथं सिलिंडरभोवती फिरून थर्मोस्टॅटवाटे (पाणी ठराविक गरम झालं की उघडणारा व्हॉल्व्ह) खाली, आणि शेवटी धुराबरोबर पंख्याच्या मधून बाहेर. यातली थोडी धार वेगळी काढून इंजिनाच्या मागच्या बाजूला एका छोट्या भोकातून बाहेर सोडलेली असते, फक्त आपल्याला दिसावी म्हणून. आपल्याकडं लोक विचारतात ना "मशीन पाणी टाकतंय का", ते हे पाणी.

काही मॉडेलला इनटेक बाजूला नसून कॅव्हिटेशन प्लेटच्या (पंख्याच्या वरची आडवी प्लेट) खालच्या अंगाला असतो, काहींना पुढच्या नाकाडाजवळ जादा भोकं असतात. आधी पाय नीट धुऊन बॅटरीच्या उजेडात सगळी भोकं शोधा, मगच पुढचं काम.

कानपट्ट्या, म्हणजे मफ, कसे लावायचे? आधी नळ की आधी इंजिन?

मफ म्हणजे यू आकाराच्या तारेला दोन रबरी वाट्या, एका वाटीला पाइप जोडायची सोय. पायाच्या पुढच्या बाजूनं सरकवायच्या आणि दोन्ही वाट्या दोन्ही इनटेकवर नेमक्या बसवायच्या. गोल वाट्या छोट्या इनटेकला चालतात, लांबट इनटेक असेल तर चौकोनी मोठे मफ घ्या, नाहीतर वरचा कोपरा उघडा राहतो आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

क्रम कायम हाच: इंजिन उभं सरळ, पाइप जोडला, नळ पूर्ण सोडला, वाट्यांच्या कडेनं पाणी जोरात बाहेर यायला लागलं, आणि मग स्टार्ट. बंद करताना उलटं, आधी इंजिन बंद, मग नळ. वाटीच्या कडेनं पाणी गळतंय म्हणून घाबरू नका, गळायलाच पाहिजे, त्याचा अर्थ पंपाला लागतंय त्यापेक्षा जास्त पाणी येतंय. इंजिन सुरू झाल्यावर गळणं एकदम थांबलं आणि पाइप चपटा व्हायला लागला तर समजा पंप उपाशी आहे, लगेच बंद करा.

इंजिन थरथरतं तशा वाट्या हळूहळू खाली सरकतात. दोन्ही बाजूंना धरून एक केबल टाय किंवा ट्यूबचा पट्टा ताणून बांधला की सरकत नाहीत. तरीपण इंजिन चालू ठेवून चहा आणायला जायचं नाही. एक माणूस पूर्ण वेळ धारेकडं बघत उभा पाहिजे आणि किल स्विचची (ओढला की इंजिन लगेच बंद करणारा स्विच) दोरी त्याच्या हातात पाहिजे.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यात मफला नळ चालू सोडून कसं परवडणार?

हा खरा सोलापूरचा प्रश्न. पुस्तकात लिहिलेलं असतं "बागेचा नळ जोडा", ते लिहिणाऱ्याला आपल्याकडची परिस्थिती माहीत नसते. अर्धा इंची पाइप जरा बरा चालला तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज जातं, म्हणजे दहा मिनिटं चालवलं की एका घराचं दिवसभराचं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी अंगणात वाहून गेलं. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपलाइननं शहरात आणायचं आणि ते असं सोडून द्यायचं, मनाला पटत नाही.

म्हणून आपल्याकडं लहान इंजिनांना, म्हणजे साधारण 15 एचपीपर्यंत, ड्रमची पद्धत सगळ्यात बरी. एकदा ड्रम भरला की तेच पाणी पंप ओढतो आणि परत ड्रममधेच टाकतो. वर पाण्याच्या प्रेशरची चिंता नाही, वाटी सरकायची भीती नाही, आणि इनटेक कुठंही असला तरी तो पाण्याखालीच असतो.

ड्रम कसला घ्यायचा आणि किती भरायचा?

200 लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम, वरचं झाकणाचं तोंड करवतीनं पूर्ण कापून. आत आधी काय होतं ते विचारून घ्या, केमिकलचा असला तर दोन-तीनदा धुवा. पत्र्याचं बॅरल पण चालतं, पण कापलेली धार हाताला लागते आणि गंज सुटून तो पंपात जातो, म्हणून प्लास्टिकचाच बरा.

इंजिन टांगायला स्टँड लागतं. फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड इंची अँगलचं चौकोनी स्टँड करून घ्या, वर दोन इंच जाडीची लाकडी फळी नटबोल्टनं आवळून, पाय पसरट, म्हणजे पुढं कलंडणार नाही. 15 एचपीचं टू-स्ट्रोक 35-40 किलोचं असतं आणि ते सगळं वजन फळीच्या एका बाजूला येतं, त्यात ते थरथरणार, त्यामुळं हलक्या स्टूलवर किंवा टेबलाच्या कडेला टांगायचा विचार पण करू नका. क्लॅम्पचे पेच हातानं गच्च आवळा आणि वरून एक साखळी मारा.

पाण्याची लेव्हल सगळ्यात महत्त्वाची. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते, कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात ती, तिच्यावर निदान चार-पाच बोटं पाणी पाहिजे, वीतभर असलं तर अजून चांगलं, कारण पंप साधारण त्याच उंचीला असतो. नुसता इनटेक बुडवून भागत नाही, पंप कोरडा राहिला तर पहिल्यांदा पाणी ओढायला वेळ लागतो आणि तोच वेळ इंपेलरला नडतो. स्टार्ट केल्यावर धूर खालून बाहेर पडतो, पाणी उसळतं, थोडं बाहेर सांडतं, म्हणून लेव्हल एक-दोन मिनिटांनी परत बघा आणि बादलीनं भर घाला.

दुसरी गोष्ट, ड्रममधलं पाणी तापत जातं. चार-पाच मिनिटांनी पाण्यात हात घालून बघायचं (इंजिन बंद करून), कोमट असेल तर ठीक, गरम लागलं तर थांबा. धुरामुळं पाण्यात बुडबुडे पण भरपूर होतात आणि फेसाळ पाणी नीट थंड करत नाही. जास्त वेळ चालवायचं असलं तर पाइपनं बारीक धारेनं थंड पाणी वरून सोडत राहा आणि ड्रमच्या वरच्या कडेला एक भोक पाडून जादा पाणी दुसऱ्या घमेल्यात घ्या.

साधी 20 लिटरची बादली पुरते का असं विचारतात. अगदी 2-3 एचपीच्या मशीनला, ती पण खोल बादली असली आणि प्लेट बुडत असली तरच, मिनिटभरासाठी. त्याच्या वर नाही.

स्लॅबवरच्या टाकीचं पाणी मफला लावलं तर प्रेशर पुरतं का?

गणित सोपं आहे, 10 मीटर उंचीला साधारण 1 बार प्रेशर मिळतं, मग जुळे सोलापुरातल्या एकमजली घराच्या टाकीपासून अंगणापर्यंत तीन-चार मीटर उंची म्हणजे पाव ते अर्धा बार, त्यातलं पण लांब पाइपात थोडं जातं. छोट्या इंजिनाला आयडलवर, म्हणजे रेस न देता, कसंबसं चालतं, तेही पाइप आखूड, पाऊण इंची आणि कुठं मुडपलेला नसला तर. 40 एचपीला याच्या भरवशावर राहू नका.

मोठ्या इंजिनाला सरळ उपाय असा की ड्रममधे पाणी भरून ठेवायचं, ड्रमच्या बाहेर अर्धा एचपीचा मोनोब्लॉक किंवा टुल्लू ठेवून त्याचा ओढायचा पाइप ड्रममधे सोडायचा आणि बाहेर टाकायचा पाइप मफला. मोटार सुरू करून मफमधून हवा पूर्ण निघून गेली की इंजिन. टुल्लू डायरेक्ट महापालिकेच्या नळाला लावायचा नाही, ते बेकायदेशीर आहे, मोटार जप्त होते आणि शेजाऱ्यांचं पाणी तुटतं ते वेगळंच. ओल्या जमिनीवर विजेची मोटार, त्यात पाण्याचे फवारे, म्हणजे अर्थिंग नीट पाहिजे, ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) पाहिजे, वायरचा जोड जमिनीवर पडलेला नको, पायात रबरी चप्पल पाहिजे. यात चालढकल नको.

बोअरचं पाणी चालेल का? आमच्या बोअरला लई क्षार आहेत.

पाच-दहा मिनिटं टेस्टिंगला चालतं, घाबरायचं कारण नाही. पण दर वेळी धुवायला तेच वापरलं तर गरम ब्लॉकच्या आत तोच पांढरा थर बसतो जो आपल्या गीझरच्या कॉइलवर बसतो, आणि ओबीएममधल्या पाण्याच्या वाटा गीझरपेक्षा कितीतरी बारीक असतात. थर्मोस्टॅट अडकतो, धार बारीक होते. त्यामुळं शेवटची दोन मिनिटं तरी नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. ड्रम पद्धतीत हे सोपं पडतं, एक ड्रम चांगलं पाणी भरून झाकून ठेवलं की चार-सहा वेळा कामाला येतं, वर तेलाचा तवंग दिसला की बदलायचं.

माझ्या इंजिनाला पाइप जोडायचं कनेक्शन दिलेलंच आहे, मग मफ कशाला?

इथं लई जण फसतात. ते फ्लशिंगचं कनेक्शन आहे, पाणी वरून ब्लॉकमधे सोडून आतला गाळ-मीठ धुवायला. त्यातलं पाणी खाली पंपापर्यंत नीट पोचेलच असं नाही, म्हणजे तुम्ही वरून पाणी दिलं, इंजिन चालू केलं, ब्लॉक मस्त थंड राहिला आणि खाली इंपेलर मात्र कोरडा जळाला. यामाहाच्या बऱ्याच फोर-स्ट्रोकला हे कनेक्शन इंजिन बंद ठेवूनच वापरायचं असतं. काही कंपन्यांच्या काही मॉडेलला आयडलवर चालवायची परवानगी असते. तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघा, पुस्तक नसेल तर बंद ठेवूनच वापरा, आणि इंजिन चालवायचंच असलं तर मफ किंवा ड्रम.

सगळं बरोबर लावलं, इंजिन चालू आहे, पण धार येत नाही?

पहिलं काम, बंद करा. अर्धा मिनिट वाट बघायची पण गरज नाही, चांगल्या पंपाची धार दहा-पंधरा सेकंदात येते.

मग बाहेरच्या भोकापासून सुरुवात करा. पडून असलेल्या इंजिनाच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते, आपल्याकडं हे सर्रास होतं. जाड तंगूस घ्या, मासे धरायचा, तो ताठ पण असतो आणि रबरी नळीला भोक पण पाडत नाही. भोकातून हळूच आत-बाहेर करा, तारेनं जोरात खोचू नका. त्यानं मोकळं झालं तर प्रश्न मिटला. नाही झालं तर कव्हर उघडून धारेची नळी ब्लॉककडच्या टोकाला काढून फुंकून बघा. तिथून पण मोकळं असेल तर मग मफची बैठक, इनटेकची जाळी, त्यात अडकलेलं जलपर्णीचं मूळ, प्लास्टिक पिशवीचा तुकडा, हे सगळं बघा. तरी धार नाही म्हणजे पाय उतरवून इंपेलर बघावा लागतो.

धार तर जोरात येतीय, तरी इंजिन तापून बीप वाजतोय, हे कसं काय?

कारण धार आली याचा अर्थ पंप पाणी वर आणतोय एवढाच. बऱ्याच इंजिनात धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या आधीच काढलेलं असतं, म्हणजे थर्मोस्टॅट अडकून ब्लॉकमधलं पाणी फिरत नसलं तरी बाहेर धार दिसत राहते. म्हणून धार नुसती बघू नका, तिच्याखाली हात धरा. सुरुवातीला गार, चार-पाच मिनिटांनी कोमट, हात आरामात धरता येईल अशी. चटका बसला किंवा वाफ दिसली की बंद. थर्मोस्टॅट मॉडेलप्रमाणे साधारण 50 ते 60 डिग्रीच्या आसपास उघडतो, तो काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडला तर उघडतो का नाही ते डोळ्यानं दिसतं.

तापलेल्या इंजिनावर बादलीनं गार पाणी मारायचं नाही. हेड वाकतं, गास्केट जातं. कव्हर काढून सावलीत आपोआप गार होऊ द्या.

किती वेळ चालवायचं आणि रेस किती द्यायची?

टेस्टिंगला पाच मिनिटं, धुवायला दहा, कारण थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय ब्लॉकच्या आतलं धुतलं जात नाही. रेस द्यायची नाही. आयडल, फार तर 1500 आरपीएमच्या आत. जमिनीवर पंख्याला पाण्याचा लोड नसतो, ॲक्सिलरेटर जरा पिळला तरी इंजिन एकदम वर जातं आणि मफमधून येणारं पाणी त्याला पुरत नाही. आवाज ऐकायला म्हणून फुल रेस देणारे मेकॅनिक बघितले आहेत, त्यांना सरळ थांबवा, इंजिन तुमचं आहे.

पंखा काढायलाच पाहिजे का? न्यूट्रलमधे तर फिरत नाही.

काढायचा. न्यूट्रलमधे पण गेअर ऑइलच्या ओढीनं थोडा फिरतो कधी कधी, आणि चुकून कुणाचा हात गेअरला लागला तर शेजारी उभ्या माणसाचा पाय जातो. एक नट आणि एक कॉटर पिन, पाच मिनिटांचं काम. काढलाच आहे तर शाफ्टवर नायलॉनचा दोरा, जाळ्याचे धागे गुंडाळलेत का बघा, उजनीत हे हमखास सापडतं, तो धागा सील कापतो आणि मग गेअर ऑइलमधे पाणी शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं सील गेलं.

पोरांना लांब ठेवा, साडीचा पदर, लुंगी, गळ्यातला गमछा यांना पण, वर फ्लायव्हील उघडं फिरत असतं. शेडचं शटर बंद करून चालवू नका, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो.

उजनीचं पाणी गोडं आहे, मग धुवायची काय गरज?

मिठासाठी नाही, गाळासाठी. मे-जूनला धरण मायनसमधे गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खाली गेलं, की काठाला नुसता चिखल, बोट ढकलताना पंखा गाळ ढवळतो आणि इनटेक तोच गाळ ओढतो. तो ब्लॉकच्या खालच्या कोपऱ्यात बसतो आणि इंजिन पडून राहिलं की वाळून कडक होतो. त्यात शेवाळ, जलपर्णीची मुळं. सीझन संपताना एकदा आणि गाळातून बोट ओढल्यावर लगेच, एवढं धुतलं तरी पुरे. कोकणात खाऱ्या पाण्यात इंजिन नेलं असेल तर मात्र त्याच दिवशी, परत येईपर्यंत थांबायचं नाही.

इंपेलर कधी बदलायचा? घरी बदलता येतो का?

दर वर्षी उघडून बघायचा, चांगला दिसला तरी दोन-तीन वर्षांत बदलायचा. गाळात चालणारं इंजिन असेल तर त्याच्या आधीच. पडून राहिलेल्या इंजिनाचा इंपेलर जास्त खराब होतो, हे लोकांना पटत नाही. पण एखादं बरीच वर्षं स्टोअरमधे पडलेलं मशीन उघडून बघा, सगळ्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच कडक झालेल्या असतात, एखादी तर भांड्याला चिकटून बसलेली असते आणि इंपेलर उपसला की तिथंच राहते. असं मशीन दोरी ओढून स्टार्ट केलं की पहिल्या फेऱ्यातच ती पाकळी तुटणार.

हाताची सवय असेल तर घरी होतं. गेअरचा रॉड सोडवायचा, पायाचे बोल्ट काढायचे, पाय सरळ खाली ओढायचा. पंपाचं भांडं उघडलं की शाफ्टवरची छोटी चावी जपून ठेवा, ती गवतात पडली की दिवस गेला. नवा इंपेलर बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा आणि शाफ्ट फिरायच्या दिशेनं हळू फिरवत आत ढकला, बहुतेक ओबीएमचा शाफ्ट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. नंतर फ्लायव्हील हातानं उलटं फिरवू नका, पाकळ्या उलट्या होतात.

जुन्या इंपेलरचे तुकडे मोजा. सहा पाकळ्यांतली एक कमी भरली तर ती वर नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकलेली आहे, तिला शोधून काढल्याशिवाय पाय परत चढवू नका. नवा इंपेलर घालून पण इंजिन तापतं अशा तक्रारीत बऱ्याच वेळा हाच तुकडा निघतो.

रेस्क्यू बोटीचं इंजिन वर्षभर वापरलं नाही तर?

तर ऐन पुरात ते चालू होईल याची काही खात्री नाही. महिन्यातून एकदा ड्रममधे किंवा मफवर पाच-सात मिनिटं चालवा, तारीख वहीत लिहा, धार आली का, कोमट झाली का, किल स्विच ओढल्यावर इंजिन बंद पडलं का, हे पण लिहा. शेवटी पेट्रोलचा पाइप काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत आयडलवर चालू द्या, पाणी मात्र तोपर्यंत चालू ठेवूनच. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमधे ओल धरते, ते कार्ब्युरेटरमधे महिनोनमहिने राहिलं की जेट चिकटतात. टाकीतलं पेट्रोल पण ताजं ठेवा, जुनं झालं की काढून घ्या.

टू-स्ट्रोक असेल तर ऑइल टीसी-डब्ल्यू-थ्री मार्कचं पाहिजे. बाइकचं टू-टी हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी असतं, पाण्यावर थंड होणाऱ्या ओबीएममधे त्याचा कार्बन बसतो. 50 ला 1 प्रमाण म्हणजे लिटरला 20 मिली, पण पुस्तकात वेगळं दिलं असेल तर पुस्तकाचं खरं.

चुकून कोरडं चालवलं गेलं, आता काय करू?

काही सेकंदच झाले असतील तर गार होऊ द्या, मग पाणी लावून धार आणि तिचा गरमपणा बघा. मिनिटभर झालं असेल, रबर जळल्याचा वास आला असेल तर परत स्टार्ट न करता इंपेलर उघडा. इंपेलरचे पैसे वाचवायला जाऊन ब्लॉक घालवू नका.

उन्हाळ्यात काही वेगळी काळजी?

एप्रिल-मे ला आपल्याकडं पारा 43-44 ला जातो, तेव्हा उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं, ते आधी सोडून द्या. प्लास्टिकचा पाइप ऊन लागून मऊ होतो आणि वळणावर मुडपतो, इंजिनजवळ उभ्या माणसाला ते दिसत पण नाही, म्हणून जाळीचा जाड पाइप घ्या. मफच्या वाट्या उन्हात तडकतात, त्या पिशवीत घालून सावलीत ठेवा. ही सगळी कामं सकाळी लवकर उरका.

सगळ्याच ओबीएमला पाणी लागतं का?

जवळजवळ सगळ्यांना. होंडाचं 2.3 एचपीचं छोटं मशीन हवेवर थंड होतं, ते कोरड्यावर चालतं. बाकी लहान आहे म्हणून हवेवर असेल असं समजू नका, पायाला इनटेकची जाळी दिसली की पाणी लागणारच.

जेट स्कीला पण हेच का?

नाही, तिथं क्रम बरोबर उलटा. जेट स्कीला आधी इंजिन चालू, मग लगेच पाणी, आणि बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. तिला असा रबरी इंपेलरचा पंप नसतो, पाइपमधलं पाणी बाहेरच्या प्रेशरनं आत ढकललं जातं, आणि इंजिन बंद असताना ते एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरमधे शिरू शकतं. ओबीएम आणि जेट स्की दोन्ही सांभाळणाऱ्यांनी क्रम मोठ्या अक्षरात लिहून दोन्ही मशीनजवळ चिकटवून ठेवा, नवीन पोरगं कामाला आलं की गोंधळ होतो.

ड्रममधलं वापरलेलं पाणी झाडांना घातलं तर?

नको. टू-स्ट्रोकचं न जळलेलं ऑइल आणि पेट्रोल त्यात उतरलेलं असतं. ड्रम रात्रभर तसाच ठेवा, तवंग वर येतो, तो जुन्या सुती फडक्यानं किंवा लाकडाच्या भुशानं टिपून घ्या, खालचं पाणी परत पुढच्या टेस्टिंगला वापरा. गटारात, ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका. आणि इंजिन काढून ठेवताना ते आडवं न टाकता थोडा वेळ उभंच ठेवा, आतलं सगळं पाणी खालून निथळून गेलं की मगच झाकण लावून आत न्या.